अख्खं मैदान खोकतं तेव्हा

सांगलीत सिग्नलला शेजारच्या स्कूटरवर मागे बसलेली मुलगी गाणं गुणगुणत होती. ध्रुवपदाच्या आधी ती थांबली, ठरल्यासारखी एकदा खोकली आणि पुढे गाऊ लागली.

तो खोकला माझा आहे. नोकरी लागली म्हणून मी बँड सोडला होता. पोल्ट्रीच्या रिकाम्या शेडमध्ये बाकीच्यांनी पहिलं गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा मी नुसता बघायला गेलो होतो. घशात धूळ गेली आणि ध्रुवपदाच्या ऐन आधी मी खोकलो, तो रेकॉर्डिंगमध्ये आला. "राहू दे रे, बरा वाटतोय," गायक म्हणाला होता. आता ते गावोगावी वाजवतात, आणि त्या जागी अख्खं मैदान एकदम खोकतं. त्यांच्या नावावर, गर्दीवर, पिकत चाललेल्या लांब केसांवरसुद्धा मी जळतो, त्याची सवय झाली आहे. पण स्वतःच्याच खोकल्यावर जळायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी इथेच राहिलो. तो मेला खोकला केवढा हिंडला!

मुलगी पुन्हा त्या जागेपाशी आली. या वेळी तिच्या आधी मीच खोकलो, अगदी तस्साच.

गाणं थांबलं. तिनं वळून पाहिलं.

"काका, पाणी देऊ का?"