भाऊजींचा पाण्याचा डबा

आमचे भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, औषधाच्या कंपनीत आहेत असं सांगितलं की लोक लगेच डोकेदुखीवर काय घ्यायचं ते विचारतात. त्या बिचाऱ्यांनी आयुष्यात एक गोळी बनवलेली नाही. ते कॉम्प्युटरपुढे बसतात आणि औषधाचे कण जेलच्या, म्हणजे खळीसारख्या लगद्याच्या, धाग्यांना किती वेळ धरून राहतात ते पडद्यावर बघतात. जेलनं औषध हळूहळू सोडलं तर एक इंजेक्शन महिनाभर पुरतं. एवढं डोक्यात शिरायला मला फार वेळ लागला, कारण भाऊजी समजावायला बसले की पार पाण्यापासून सुरुवात करतात.

स्वभावानं पक्के शंकासूर. दाराला कडी लावली तरी पुन्हा उठून बघणार. शंका काढता काढता लग्नही राहूनच गेलं. ऑफिसातले लोक मागून हसतात, पण आपलं काम त्यांच्याकडूनच तपासून घेतात.

यांना कंपवात आहे. गोळीचा अंमल असतो तोवर माणूस बरा, तो उतरला की खुर्चीत लाकूड. बटणं मी लावते, तोंड मी पुसते. मी काही सोशिक बाई नाही. चिडते, ताडताड बोलते, मग दिवसभर स्वतःलाच खात बसते. म्हणून भाऊजींना नेमकं याच औषधाचं काम मिळालं तेव्हा मला रडूच आलं.

एका रविवारी ते आले आणि म्हणाले, "दादा, जेल धरून ठेवतंय. औषध पटकन सुटतच नाहीये."

त्या दिवसापासून हे बदलले. गाल कापून घेत का होईना, स्वतः दाढी करायला लागले. इंजेक्शन मिळालं की एकटा बसनं फिरून येईन, म्हणाले. कुठे, विचारलं तर म्हणाले, "कुठेही. फक्त तू बरोबर नकोस." मला राग आला नाही, खरंच. मीही तेच मागत होते.

आता झालं काय, कॉम्प्युटरमध्ये अख्खं शरीर मावत नाही. म्हणून पाण्याचा एक इवलासा डबा कल्पायचा, त्यात जेल आणि औषध. उजव्या भिंतीतून बाहेर गेलेला कण डावीकडून आत येतो, म्हणजे डब्याला अंत नाही. पण डबा ऐसपैस हवा, आणि मोठ्या डब्यासाठी मोठ्या यंत्रावर नंबर लावून ताटकळत बसावं लागतं. दादाची दशा बघवेना, म्हणून या माणसानं जन्मात पहिल्यांदा घाई केली होती आणि लहान डबा घेतला होता. त्यात जेलचा धागा भिंतीपलीकडून फिरून स्वतःलाच येऊन भिडला, आणि औषध मधल्या मधे अडकून पडलं. तेच भाऊजींना त्या रविवारी 'जेल धरून ठेवतंय' असं वाटलं होतं. शरीरात कुठल्या आल्यात असल्या भिंती? पुढे शंका आली, मोठा डबा घेऊन पाहिलं, तर औषध भराभरा सुटून मोकळं. भाऊजींनी त्याच दिवशी साहेबांना सांगितलं. काम बंद झालं.

मग आमच्याकडे आले. खुर्चीच्या काठावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, पाण्यापासून. यांची गोळी उतरत आली होती, शब्द अडखळत होते.

"तू बोलला नसतास, तर कुणाला कळलं असतं?"

"कळलंच असतं, दादा. जेल प्रयोगशाळेत करून बघितलं असतं तेव्हा. वर्षभरानं."

"तोवर कुणाला अपाय?"

"नाही. माणसांपर्यंत ते पोचलंच नसतं. कंपनीचा पैसा आणि वेळ वाया गेला असता, एवढंच."

मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, खरं बोलले ते. त्यात त्यांचा काय गुन्हा?"

यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हणजे मला एक वर्ष वाट बघता आली असती," हे भावाला म्हणाले. "तुझ्या हातात होतं ते. तेवढं तरी द्यायचं होतंस."

मी गोळी आणायला उठले, तर हे म्हणाले, राहू दे.