सात इंची कॉइल

“पहिलं कौसाबाईच्या घरात फिरवा,” नानासाहेब म्हणाले. मी अजून गाडीतून धातू शोधायची मशीन काढतच होतो.

“अंगठी रानात गेली ना?”

“गेली व्हय! जेवणं झाल्यावर झाडलोट हिनंच केली. चुलीमागं पुरली असंल.”

कौसाबाई बांधावरच उभी होती. पंधरा वर्षं याच रानात खुरपणारी बाई. ती म्हणाली, “फिरवा की. पण ही मशीन एकदा माझ्या दारात आली, की कायबी सापडू न्हायतर न सापडू, गाव मला चोरच म्हणणार. मग कामाला कोण बोलवंल?”

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, “नानासाहेब, अंगठी रानात काढली, तर शोधायची रानात. ते जमत नसंल तर मी चाललो.”

त्यांनी हातानंच रान दाखवलं. मीही मनाशी ठरवलं, अंगठी काढल्याशिवाय इथून हलायचं नाही.

मी पाणीपुरवठ्यात नोकरी केली. रस्त्याखाली गाडले गेलेले व्हॉल्व्ह मेटल डिटेक्टरनं शोधायचे, हे काम. रिटायर झाल्यावर स्वतःची मशीन घेतली. लोहारा भागात कुणाचं काही हरवलं की मला फोन येतो.

झालं होतं असं. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करतात. आत पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात आणि मग भज्जी-आंबिलीवर ताव मारतात. नानासाहेबांच्या पत्नी सुमनताईंनी चुना लावायच्या आधी बोटातली अंगठी काढली. फडक्यावर ठेवली म्हणे. जेवणं उरकल्यावर बघतात तर नाही. दुसऱ्या दिवशी कोप मोडली, आणि तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.

आता कॉइल. दांड्याच्या टोकाला गोल थाळी असते, ती कॉइल. मोठी कॉइल खोल बघते, जागाही लवकर उरकते. पण तिच्याखाली एकदम चार वस्तू आल्या की सगळ्यांचा मिळून एकच गोंधळ ऐकू येतो. लहान कॉइल खोल बघत नाही, पण शेजारशेजारच्या वस्तू वेगळ्या दाखवते आणि बारीक वस्तू सोडत नाही. एवढं मला ठाऊक असून मी सवयीनं पंधरा इंची लावली. व्हॉल्व्ह शोधणाऱ्याचा हात, तो तिकडंच गेला.

दोन तास मशीन नुसती बोंबलत होती. अख्खी भावकी जेवून गेलेली जागा. गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची बुचं, खिळे.

“पुड्यांचा आवाज बंद करता येत न्हाय का?” नानासाहेबांनी विचारलं.

“येतो. पण पुडीची चमकी आणि सोन्याची अंगठी मशीनला जवळपास सारखीच वाटते. पुडी बंद केली की अंगठीपण बंद.”

शेवटी स्वतःला एक शिवी हासडली आणि सात इंची लावली. कोपीची जागा वीत-वीत पुढं सरकत पिंजून काढली. वाजेल ते उकरलं. कचऱ्याचा ढीग झाला, अंगठी नाही.

“झालं समाधान?” नानासाहेब म्हणाले. “चला आता तिच्या घरी.”

कौसाबाईनं गवताचा भारा बांधला आणि हातातला विळा बांधावरच्या कडब्याच्या गंजीत खोवला.

“मावशी, विळा तिथं कशाला?”

“मग कुठं ठेवू? खाली ठेवला तर मातीत जातोय, न्हायतर पायात येतोय. आमी बाया रानात समदं कडब्यातच खोवतो.”

मी सुमनताईंकडं वळलो. “ताई, चुना लावताना फडकं कुठं होतं?”

“फडक्यावर निवद मांडला होता...” त्या बोलता बोलता थांबल्या. तोंडावर हात गेला. “मग अंगठी फडक्यावर कशी ठेवीन मी?”

“कोपीचा कडबा कुठाय?”

“गोठ्यात,” नानासाहेब म्हणाले. “गडी कुट्टी करायला बसलाय.”

कुट्टीची मशीन म्हणजे कडब्याचे बारीक तुकडे करणारी. तिचा आवाज बांधापर्यंत येत होता. ह्या वयात मी एवढा पळेन असं मला वाटलं नव्हतं. बटण बंद केलं. निम्म्या पेंढ्या शिल्लक होत्या. त्या लोखंडापासून लांब, मोकळ्या जागेत नेल्या आणि एकेक पसरून वरून सात इंची फिरवली. कडबा वाजत नाही, ही एक गोष्ट चांगली. शेवटच्या चार-पाच पेंढ्या राहिल्या. त्यातली एक वाजली. ज्वारीच्या ताटाच्या वाळक्या पानात अंगठी अडकली होती.

“चला, मिटलं,” नानासाहेब म्हणाले.

“तुमचं मिटलं,” कौसाबाई म्हणाली.

सुमनताई तिच्यापुढं रडायला लागल्या. “चुकलं माझं, कौसा.”

“मला नगा सांगू, बाई. ज्यांच्या ज्यांच्या घरी माझं नाव घेतलंय, तिथं जाऊन सांगा.”

सुमनताई गेल्या, घरोघर फिरून सांगून आल्या. नानासाहेब गेले नाहीत. कौसाबाई दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या रानात जायला लागली. सुमनताईंनी दोनदा निरोप धाडला, पण ती फिरकली नाही.

आता फोन आला की मी आधी विचारतो, वस्तू जाण्याआधी तुमचे हात काय करत होते. कॉइल त्यानंतर ठरवतो. आणि कुणाच्या घरात फिरवा म्हणाले, तर मी घरातून निघतच नाही.