कॅलेंडरच्या पाठीवरचं घर

ताक फुंकून पिणारी माणसं असतात. आमच्या जठारपेठेतल्या शकुनबाई पाणीसुद्धा फुंकून पितात. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबीर टाकली, की त्या मेथीची जुडी सोडून आत बघतात. तीस वर्षं बालवाडी चालवली, तिथेही तेच. एकदा चित्रस्पर्धेत तीन वर्षांच्या पोराने काढलेल्या माणसाला मान दिसली. शकुनबाईंनी भर मांडवात त्याच्या आईला विचारलं, "या वयात पोरं मुंडक्यालेच पाय काढतात. ही मान कोनं काढली?" आई रडकुंडीला आली आणि बक्षीस दुसऱ्याला गेलं.

हे सगळं त्या बालशिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या. आधी नुसत्या रेघोट्या, मग मुंडक्याला पाय, मग घर. घराला भिंत असली तरी आतली माणसं दिसतात, कारण मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. आणि ज्याच्यावर जीव, तो मोठा काढतं. हे शेवटचं कलम शकुनबाईंनी घरच्यांनाच लावलं.

झालं असं, की त्यांचा मुलगा नितेश याची अमरावतीला बदली झाली. तिथे फ्लॅटही घेतला. "सगळेच जाऊ, आई," असं तो म्हणाला होता. पण सून वर्षाली सामान बांधताना गप्प असते, एवढ्यावरून यांना घोर. नवरा नाही, दुसरं मूल नाही. मला नेतील की इथंच ठेवतील, हा एकच प्रश्न त्यांना पोखरत होता. आणि विचारायचा तर मुलाला नाही!

परवा दुपारी त्यांनी शेजारून मला हाक मारली आणि पाच वर्षांच्या नातीचं, आकांक्षाचं चित्र पुढे धरलं. आई-बाप मोठाले, पोर मधोमध आणि कोपऱ्यात बोटाएवढ्या शकुनबाई.

"पाह्य साधना. मले ठेवून जाऊन राहिले हे."

"काकू, पोरीचं चित्र हाये ते, कोर्टाचा कागद नाही," मी चिडून म्हटलं आणि आकांक्षालाच विचारलं, "आजीले एवढी लहान काहून काढली वं?"

"तिले शेवटी काढलं न. कागद सरला."

घ्या! मी पोटभर हसले. शकुनबाईही हसल्या, पण अर्ध्याच. उठून त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि पालथं घातलं. "घे, आता भरपूर जागा हाये. पुन्हा काढ."

पोरीने जीभ बाहेर काढून मोठ्ठं घर काढलं. भिंतीतून आतलं सगळं दिसत होतं: पंखा, गॅस, तीन गाद्या, तीन माणसं. अर्धं पान कोरंच राहिलं.

"मी कुठी हाय वं?" शकुनबाईंनी विचारलं.

"हे अमरावतीचं घर हाये, आजी. तू इथंच राहशील न. तुले सांगाचं नाही म्हने पप्पा."

इतका राग मला स्वतःच्या नवऱ्याचाही कधी आला नव्हता. शकुनबाईंनी मात्र पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, "लय चांगलं काढलं" म्हणाल्या आणि चित्र दारासमोरच्या भिंतीला चिकटवलं.

संध्याकाळी नितेश आला. मी मुद्दाम घरी जायला उठले नव्हते. चपला काढता काढता त्याने चित्र पाहिलं.

"अरे वा! कोनाचं घर हे?"

"तुमचं," शकुनबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.