जोडीचा फोटो

सरकारला माझ्या मामांइतका घाबरणारा आणि त्याच सरकारला इतक्या निर्मळ मनाने फसवणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल. सरकारी शाळेत शिपाई म्हणून त्यांनी जन्म काढला, पण सरकारी लिफाफा आला की हात धुतल्याशिवाय उघडत नसत. निवृत्त झाल्यावरही भर मे महिन्यात खाकी कोट घालून हिंडत. "काहून जी मामा, उकडत नाही?" म्हटलं की म्हणत, "उकडते ना. पन सरकारनं देल्ला हाय." मी कॉलेजात असताना चार वर्षं त्यांच्याच घरी राहिलो, मामीच्या हातचं जेवलो आणि पुढे पेन्शनच्या कचेरीत बाबू झालो. तेव्हापासून मामा कचेरीत आले की दाराबाहेरच उभे राहत आणि मला 'साहेब' म्हणत. मी त्यांना कधी 'आत या' म्हटलं नाही. बाबूचा मामा शिपाई, हे शेजारच्या टेबलांना कळायला नको होतं.

निवृत्तीच्या कागदांना नवरा-बायकोचा जोडीचा फोटो लागे. नवरा गेल्यावर पेन्शन बायकोला मिळायचं ते त्याच फोटोच्या भरवशावर. मामी कॅमेऱ्यापुढे बसायला तयार होईना. म्हणाली, "माह्या धाकट्या बहिणीले न्या. सरकारले दाखवाचं हाय तं साजरी दाखवा." मामांना हे एकदम पटलं. बर्डीवरच्या स्टुडिओत ते कोट घालून मेहुणीशेजारी ताठ बसले. तो फोटो नेमका माझ्याच टेबलावर आला. आधी हसू आलं, मग घाम फुटला. परत पाठवायचा, तर ही माझी मामी नव्हे, हे चारचौघांत सांगावं लागणार. मी मुकाट्याने सही ठोकली.

दोन वर्षांनी मामा धंतोलीतल्या एका दवाखान्यात वारले. तेरवी झाल्यावर मामी कचेरीत आली. शेजारच्या बाबूने फोटो पाहिला, मग तिला पाहिलं.

"बाई, ह्या फोटोत तुम्ही नाही."

"थे माही बहीण होय जी."

सगळे खो खो हसले.

"मंग तुम्हीच त्याइची बायको, हे कोन सांगन? इथं तुम्हाले ओळखते का कोनी?"

मामीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी फायलीत डोकं घातलं.

"नाही जी," ती म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी मामीच्या घरी गेलो, तर तिने ताट वाढलं. म्हणाली, "मामा सांगून गेले होते, पोराच्या हापिसात ओळख दाखवाची नाही. त्याले लाज वाटते." मामांना सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे सारं कबूल केलं. मला मेमो मिळाला, आणि बऱ्याच खेट्यांनंतर मामीचं पेन्शन सुरू झालं. आता दर नोव्हेंबरात ती हयातीच्या दाखल्यासाठी येते. मी खुर्ची रिकामी करतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "मामी, आत या."

ती दाराबाहेर, मामा उभे राहत त्याच जागी उभी असते.

"इथंच बरी हाय जी, साहेब."