साहेबांच्या दुनळी रायफलचं कॅलिबर

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टनमधल्या आमच्या कंपनीत दर शुक्रवारी माणसं कमी व्हायला लागली. दुपारी फोन वाजायचा, माणूस साहेबांच्या खोलीत जायचा आणि बाहेर येऊन टेबलावरचे फॅमिली फोटो खोक्यात भरायचा. सुरुवातीला आम्ही हळहळायचो. मग तेही बंद झालं. शुगर लँडमधल्या घरून ऑफिसला जाताना गाडीत रेडिओ चालू असे, पण त्यावर काय लागलं होतं ते मला पोचल्यावर सांगता आलं नसतं. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद कंपनीमार्फत चालले होते. नोकरी गेली की ते जाणार, आणि पाठोपाठ मी, बायको आणि मुलगी, असे आम्ही तिघंही देशाबाहेर.

अशा दिवसांत साहेबांनी मला आत बोलावलं. वार मंगळवार आहे ना, हे मी दारात पुन्हा एकदा मनाशी तपासलं.

साहेब अस्सल टेक्सासचे, साठीला टेकलेले, शिकारीचे शौकीन. दर हिवाळ्यात हरणं मारायचे आणि सॉसेज करून ऑफिसात वाटायचे. मी थँक्यू म्हणून घ्यायचो आणि शेजारच्यांना देऊन त्यांचंही थँक्यू घ्यायचो. आता साहेबांना आफ्रिकेत जाऊन रानरेडा मारायचा होता आणि त्यासाठी दुनळी रायफल बनवून घ्यायची होती. शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन चाप. रेडा अंगावर आला तर पुन्हा काडतूस भरायला वेळ नसतो, म्हणून दुसरं आधीच भरलेलं.

"तू आकडेमोडीचा माणूस," साहेब म्हणाले. "कॅलिबर कुठलं घेऊ? मी फाइव्ह-सेव्हंटी-सेव्हन म्हणतोय."

म्हणजे अर्ध्या इंचाहून जाड गोळी, खरं तर हत्तीसाठी बनवलेली. माझा बंदुकीचा अनुभव कॉलेजातल्या एनसीसीपुरता. तिथे माझ्या गोळ्या शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर सापडल्या होत्या आणि त्याला उत्कृष्ट नेमबाजीची शाबासकी मिळाली होती.

घरी बायको म्हणाली, "अहो, त्यांनी ठरवलंय ना? मग छान आहे म्हणा आणि मोकळे व्हा."

"विचारलंय त्यांनी."

"विचारतात हो लोक. साडी कशी दिसते असं मी विचारते, तेव्हा करता का आकडेमोड?"

"करतो. तोंडी."

"नोकरी त्यांच्या हातात आहे, एवढं धरा त्या आकडेमोडीत."

मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, यू डोन्ट ईव्हन ईट एग्ज."

दोघींचंही खरं होतं. पण आमची सगळी पिढी परीक्षेवर वाढलेली. प्रश्न समोर आला की सोडवायचा, उपप्रश्नांसकट, पेपर तपासणाऱ्याला काय आवडेल याचा विचार न करता. शिवाय ऑफिसात करण्यासारखं काम उरलं नव्हतं. साहेबांनी शिकारीची मासिकं दिली होती. त्यांतून गोळीचं वजन, वेग, दारूचं वजन, रायफलचं वजन उतरवून घेतलं आणि गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचं गणित जेवणाच्या टेबलावर मांडलं. त्या संध्याकाळी बऱ्या गेल्या असं म्हणवत नाही. गेल्या, इतकंच.

उत्तर सरळ निघालं. फोर-फिफ्टी-फोर-हंड्रेड नावाचं एक लहान कॅलिबर होतं, रेड्याला पुरेसं. साहेबांच्या आवडत्या कॅलिबरचा धक्का त्याच्या जवळजवळ दुप्पट. धक्का कमी करायचा तर रायफल जड हवी, आणि जड रायफल दिवसभर उन्हात वाहायची ती साठीच्या माणसाने. त्यातून धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढायच्या आधीच माणूस दचकतो आणि गोळी भलतीकडे जाते.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. वर म्हणालो, "आणि तुमच्या उजव्या खांद्याचं गेल्या वर्षीच ऑपरेशन झालंय."

साहेबांनी खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघितलं. तिथे आता कुठेही गाडी लावता येत असे.

"तू कधी उडवलीयेस?"

"नाही."

"मग शनिवारी ये."

शनिवारी त्यांच्या मित्राच्या रँचवर त्या मित्राचीच फाइव्ह-सेव्हंटी-सेव्हन होती. साहेबांनी एकाच नळीत काडतूस भरून ती माझ्या हातात दिली, दस्ता खांद्यात कसा दाबायचा ते दाखवलं. मी चाप ओढला आणि होतो तिथून थोडा मागे जाऊन बसलो. बसायचं असं काही ठरवलं नव्हतं. टोपी कुठे गेली ते कळलं नाही. खांदा दुखेल म्हणून वाट पाहिली, तर काहीच वाटेना. गेले कित्येक महिने जसं सगळीकडे बधिर वाटत होतं, तसंच. फक्त आता एका जागी.

मग साहेबांनी एक गोळी उडवली. रायफल खाली ठेवली ती डाव्या हाताने. दुसरी गोळी त्यांनी भरली नाही.

परतताना ट्रकमध्ये ते एवढंच म्हणाले, "माझा खांदा अजून दुखतो हे ऑफिसात कुणाला बोलू नकोस."

रात्री खांदा ठणकायला लागला. बायको बाम चोळता चोळता म्हणाली, "एवढं सोसलंत, आता शुक्रवारी आठवण ठेवतील तरी."

शुक्रवारी दुपारी माझा फोन वाजला. मी साहेबांच्या खोलीत गेलो.

"फोर-फिफ्टी-फोर-हंड्रेडची ऑर्डर दिली," साहेब म्हणाले. "तुझं बरोबर होतं." मग समोरच्या पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, आणि आमचं सगळं डिपार्टमेंट बंद होतंय म्हणून सांगितलं. वरून आलंय, त्यांनी माझ्यासाठी बोलून पाहिलं, जमलं नाही. "रेडा मिळाला तर फोटो पाठवीन."

मी काँग्रॅच्युलेशन्स म्हणालो. सवय.

घरी बायकोने दार उघडलं. "काय घेतलं त्यांनी?"

"फोर-फिफ्टी-फोर-हंड्रेड."

"म्हणजे तुमचंच ऐकलं."

"हो."

मग तिला माझ्या हातातलं खोकं दिसलं. ते तिने माझ्याकडून घेतलं, सोफ्यामागे ठेवलं आणि चहा टाकला. मुलगी शाळेतून आली, सोफ्यामागे वाकून बघितलं आणि विचारलं, "आर वी मूव्हिंग?"

"बहुतेक," मी म्हणालो.

"टू इंडिया?"

"बघू."

बायकोने कप पुढे केला. "साखर पुरेशी आहे का बघा."

मी एक घोट घेतला, मग आणखी एक. खरंच सांगता येईना.

"बरोबर आहे," मी म्हणालो.