खरवडलेला नंबर

आयसीच्या पाठीवरचा नंबर खरवडून टाकणारा पहिला माणूस मला कुठं भेटला, तर मी त्याला काय बोलेन ते छापण्यासारखं नाही. आयसी म्हणजे सर्किटवरचा तो काळा, अनेक पायांचा तुकडा. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत नंबर असतो. नंबर असला की कळतं, हा काय काम करतो, कोणत्या पायावर किती व्होल्ट हवेत, जळला तर दुकानातून काय मागायचं. नंबर नसला की दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी. आणि हे चुकून होत नाही. माणूस चष्मा लावतो, पॉलिश पेपर घेतो आणि निवांत बसून आपल्यानंतर येणाऱ्याची अडवणूक करतो.

असा एक माणूस आमच्या घरातच आहे. माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात.

गोंदियाजवळच्या गोरेगावात बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं रिपेरिंगचं दुकान. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग राइस मिलच्या मशिनींची कार्डं, म्हणजे आतली सर्किटं. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली म्हणून मला पसंत केलं, असं ते पाहुण्यारावळ्यांत छाती फुगवून सांगायचे. लग्नानंतर दुकानात गेले, तर हातात फडकं दिलं. धूळ पुसायची, गिऱ्हाइकाचं नाव चिठ्ठीवर लिहून टीव्हीला चिकटवायचं. खऱ्या कामाची वेळ आली की मामाजी टेबलाकडे असे वळून बसायचे की मला फक्त त्यांची पाठ दिसायची. काही विचारलं तर म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची, सुनबाई." मी मनात म्हणायचे, एकदा उघडा तरी, सव्वा रुपया आहे का ते बघू.

पुढं त्यांचे हात थरथरायला लागले. सोल्डरिंगची तापलेली कावी एका जागी ठरेना. तेव्हा ते टेबल माझ्याकडे आलं. दिलं कुणी नाही, आलं. मामाजी मागच्या खुर्चीवर गेले आणि मी पुढं बसले. तरी आजही गिऱ्हाईक येतं, माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठी गेले वो?" कावी माझ्या हातात, धूर माझ्या नाकात, आणि मिस्त्री कुठी गेले! मी म्हणते, बसा, मिस्त्री तुमच्याशीच बोलून राहिली आहे.

टेबल हाती आलं तेव्हा कळलं, मामाजींनी काय पेरून ठेवलंय. तालुक्यात त्यांनी उघडलेला एकही टीव्ही, एकही स्टॅबिलायझर असा नाही की ज्यात नंबर शिल्लक आहे. दुसऱ्या मिस्त्रीनं नक्कल करू नये म्हणून. आता हा दुसरा मिस्त्री कोण? गावात दुसरं दुकानच नव्हतं. ती सगळी जुनी यंत्रं बिघडून परत आमच्याच दुकानात येणार होती, येत होती, आणि त्यांच्यासमोर डोळे फाडून बसायला मी होते. ज्या चोरासाठी त्यांनी जन्मभर कुलूप लावलं, तो चोर त्यांची सूनच निघाली. आपल्याच पायावर धोंडा म्हणतात, पण धोंडा त्यांचा आणि पाय माझा होता.

हे सगळं मी गिळलं. पण गेल्या हिवाळ्यात आमचा स्कोप बंद पडला.

स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप. मीटर विजेचा नुसता आकडा सांगतो, स्कोप तिचं चालणं पडद्यावर हिरव्या रेषेत दाखवतो. मिलमध्ये तांदळातला काळा दाणा हवेच्या फुंकरीनं उडवणारं सॉर्टेक्स मशीन असतं. त्याचं कार्ड दुरुस्त करायचं, तर फुंकरीचा इशारा कोणत्या लाइनवर येतो आणि कोणत्या लाइनवर मरतो, हे बघावं लागतं. ते मीटरला दिसत नाही. टीव्ही आता कुणी दुरुस्त करत नाही. दुकान चाललं होतं ते मिलच्या कार्डांवर, आणि कार्डं चालली होती स्कोपवर.

घरात तर दुकान जवळजवळ उठलंच होतं. माझा नवरा कृषी केंद्रात कामाला. त्याला सोल्डरच्या वासानं शिंका येतात. मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एकाला आमचं शटर किरायानं हवं होतं, आणि बापलेकांनी त्याला होळीनंतरचा शब्द देऊन टाकला होता. मी भांडले, तेव्हा नवरा म्हणाला, "मिलचं काम येऊन राहिलं तवरी चालव. थांबलं का शटर देऊन टाकू." मला कुणी विचारलंही नव्हतं, आणि वर ही मेहेरबानी.

तर असा तो स्कोप. थंडी पडल्यापासून तो सकाळी लवकर चालू होत नव्हता. ऊन वर आलं की होई. मामाजी हसून म्हणायचे, त्याले बी म्हातारपन आलं. मग एक दिवस दुपारीही झाला नाही. टेबलावर एका मिलचं कार्ड उघडं पडलेलं, आणि मिलचा दिवाणजी बाजाराच्या दिवशी ते न्यायला येणार. हंगाम जोरात. त्या दिवशी कार्ड मिळालं नाही तर मिलवाले कंपनीच्या माणसाला बोलावणार आणि आमची पायरी पुन्हा चढणार नाहीत, हे मला ठाऊक होतं, आणि मामाजींनाही.

मी स्कोप उघडला. विजेच्या वाटेत शंभराचा बल्ब सिरीजमध्ये लावून मग प्लग घातला. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भकभक पेटतो आणि बाकीचं वाचतं. बल्ब क्षणभर चमकून विझला. म्हणजे पुढची बाजू ठीक. वीज साठवणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरवर व्होल्टेज भरपूर. पण पॉवर सप्लायच्या दुसऱ्या टोकाला, जिथून सगळ्या स्कोपला वीज वाटली जाते, तिथं काही नाही. आतून नुसती टिक... टिक... अशी बारीक चाहूल. सप्लाय उठायला बघत होता आणि परत बसत होता.

"आयसी गेली," मामाजी मागून म्हणाले.

पॉवर सप्लायच्या मधोमध एकच आयसी होती. तिची पाठ आरशासारखी घासलेली.

"नंबर सांगा, मामाजी."

"नंबर सांगून काय होते?"

"काय होते म्हणजे? नवी आणून लावते!"

"तू शिकली आहेस ना? काढ ना शोधून."

माझं डोकं फिरलं. हा स्कोप मामाजींनी मोडीत निघालेला आणला आणि स्वतःच्या हातानं जिवंत केला, ही गोष्ट मी लग्नाआधीपासून ऐकत आले होते. माझ्या सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा सांगितली होती. ज्यानं जिवंत केला त्याला नंबर माहीत नसेल? दुकान बुडतंय, तरी मूठ उघडत नाही! दुपारी विचारलं, संध्याकाळी विचारलं, जेवताना वाढता वाढता विचारलं. ते वरणभात कालवत राहिले. नवरा म्हणाला, जाऊ दे ना, म्हातारं माणूस आहे. म्हातारं माणूस आहे म्हणून काय सगळ्यांना घेऊन बुडायचं? मी भाताचं पातेलं आपटलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चादर आणली आणि स्कोप बांधायला घेतला. म्हटलं, नागपूरला नेते. पैसे पडतील ते पडतील, पण तुमच्या तोंडाकडे आता बघत बसणार नाही.

मामाजी खुर्चीतून अर्धे उठले. "नागपूरले कायले नेतेस? तो मानूस तं मेला."

"कोणता माणूस?"

ते परत बसले. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात घासले. मग म्हणाले, "ज्यानं बनवला होता तो."

मी चादरीची गाठ धरून तशीच उभी राहिले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. स्कोप त्यांनी मोडीतून आणला हे खरं. दुरुस्त काही त्यांना करता आला नव्हता. चादरीत गुंडाळून, गाडीत मांडीवर घेऊन ते नागपूरला गेले होते, तिथल्या एका नावाजलेल्या मिस्त्रीकडे. गावात बोलले होते, बहिणीकडे जाऊन राहिलो.

"तुम्ही बघितलं असेल ना, तो करत होता तेव्हा?"

"पडदा लावला न त्यानं. मले भायेर बसवला, फुटपाथवर. दिवसभर बसलो. आत बोलावलं तवा रेषा दिसून राहिली होती. मी म्हनलो, भाऊ, काय गेलं होतं? तं तो हासला."

"आणि नंबर?"

"त्यानंच खरवडला. मी घरी येऊन खोलून पायलो तवा समजलं." ते म्हणाले, "मले वाटलं, मोठे मिस्त्री असंच करतात."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. संताप आला, आणि तो नेमका कुणावर काढायचा तेच कळेना. त्या नागपूरवाल्यानं एक आयसी खरवडली, आणि या माणसानं ते व्रत समजून सगळा तालुका खरवडून ठेवला. स्वतः दिवसभर फुटपाथवर बसले ते बसले, आणि घरी येऊन मलाही तसंच बसवलं, फक्त फडकं हातात देऊन. आणि दोन दिवस मी ज्या नंबरासाठी या म्हाताऱ्याशी भांडत होते, तो त्यांच्याकडे कधी नव्हताच! मी म्हटलं, "मग आयसी गेली हे तरी कशावरून सांगितलं?"

"काही तं सांगा लागते ना," मामाजी म्हणाले.

मी चादर सोडली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी कडाक्याची थंडी. मी दुकान उघडलं, शेगडीवर हात शेकले, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं विचार केला. आयसी गेली हे जर कुणी पाहिलेलंच नाही, तर ती गेलीच आहे असं मी का धरून चालले? हा स्कोप थंडीत उठत नव्हता आणि उन्हात उठत होता. आयसी जळली की जळली, ती ऊन बघत नाही. थंडीत आखडतो तो कॅपॅसिटर, आतला रस सुकत आलेला. आयसीच्या अगदी बाजूला एक होता, करंगळीच्या पेराएवढा. सप्लायला पहिला धक्का देऊन उठवायचं काम त्याचं. मी घरून केस वाळवायचा ड्रायर आणला आणि त्या एवढ्याशा कॅपॅसिटरवर गरम हवा धरली. टिकटिक जलद झाली. मग थांबली. आणि पडद्यावर हिरवी रेषा आली.

मी प्लग काढला, बल्ब लावून मोठा कॅपॅसिटर रिकामा केला, आणि तो छोटा काढून नवा टाकला. जुन्याच्या अंगावर सगळं छापलेलं होतं, किती मायक्रोफॅरड, किती व्होल्ट, कोणती बाजू निगेटिव्ह. तसलाच आमच्या खणात पडलेला होता. त्याचं नाव खरवडायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण इतक्या लहानाकडे बघतो कोण? आयसी ठणठणीत होती. अजूनही तीच चालते आहे, बिननावाची.

मामाजी आले तोवर मी कार्डाच्या लाइनी तपासायला लागले होते. ते खुर्चीवर बसले, रेषेकडे बघत राहिले. मी अजून रागातच होते. त्यांच्या तोंडून "कसा केलास" हे दोन शब्द निघेपर्यंत मी मेले तरी सांगणार नव्हते. कार्डावर दोन लाइनी मेलेल्या सापडल्या, त्या दुपारपर्यंत उठवल्या.

दिवाणजी बाजाराची पिशवी घेऊनच आला. गोंदियाचा माणूस, बोलणं हिंदीत. चालू कार्ड बघून खूश झाला आणि नेहमीसारखा माझ्या डोक्यावरून मागं बघून म्हणाला, "क्या बात है काका! हाथ काँपते हैं, फिर भी बना दिया!"

मी कावी स्टँडला लावली. ठरवलं होतं, आता जर मामाजी हो म्हणाले तर सून-सासरा काही बघायचं नाही, भर बाजारात बोलायचं. नागपूरचं, फुटपाथचं, सगळं. शब्दही जुळवून ठेवले होते.

मामाजींनी खाकरून घसा साफ केला. "मी नाही बनवलो," ते म्हणाले. "इनं बनवलं. मशीन बी इनंच बनवली. मले ते येतच नव्हतं."

दिवाणजीला वाटलं, काका थट्टा करतायत. तो हसला. मामाजी हसले नाहीत. तेव्हा तो माझ्याकडे वळला, बहुधा पहिल्यांदाच, आणि कार्ड उलटसुलट करून बघितल्यासारखं केलं. जुळवलेले सगळे शब्द वाया गेले होते, आणि त्याचाही मला रागच आला. इतक्या वर्षांचं भांडण माझं, आणि जिंकून द्यायचं त्यांनी?

"तो फिर काका," दिवाणजी कार्ड पिशवीत टाकत म्हणाला, "सुना है होली के बाद शटर किराये पे दे रहे हो?"

ज्यांनी स्वतः त्या कव्हरवाल्याचा हात हातात घेऊन शब्द दिला होता, ते मामाजी खुर्चीत ताठ झाले.

"कोन म्हन्ते?" ते म्हणाले.