दुग्गक्काची पालेची साल

चेन्नप्पा पुजारी वैशाखात गेला, आणि नेल्लिबैलच्या पाच घरांपुढे प्रश्न पडला, की यंदा आटीच्या अवसेला पालेची साल आणणार कोण?

पाले म्हणजे आपली सातवीण. तुळू मुलखात आटी महिन्यातल्या, म्हणजे आपल्या आषाढातल्या, अवसेला तिचा रस अनशापोटी घेतात, वर्षभराची दुखणी टळावीत म्हणून. रिवाज कडक. आदल्या संध्याकाळी झाडाला दोरा बांधायचा. पहाटे पुरुषाने अंगावर चिंधी न ठेवता जायचं आणि साल दगडाने ठेचून काढायची. लोखंड लागलं की औषध मातीत. आणि दोरा हवाच, कारण शेजारीच काजरा उभा असतो. अंधारात हाताला दोघे सारखेच, पण काजऱ्याची साल पोटात गेली तर माणूस उठत नाही.

"मी आणते," मांडीवरचं विड्या वळायचं सूप न उतरवता चेन्नप्पाची विधवा दुग्गक्का म्हणाली.

वाडीचा पंच, गुरिकार तुक्रप्पा, दारात छत्री मिटत होता. तो तसाच थांबला. "बाईने आणायची नसते ती, अक्का. नागडं जावं लागतं."

"मग? पाले काय डोळे वटारून बघतोय? तीस वर्षं आमच्या धन्याला झाडापाशी कोण नेत होतं, ठाऊक आहे? रातांधळा होता माणूस! हात धरून मीच नेत होते."

"म्हणजे तू तिथे... तो तसा असताना..."

"नवरा होता माझा, तुक्रण्णा!"

गुरिकाराने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "हे बाहेर बोलू नकोस. पाच घरांची साल आमचा लोकय्या आणेल. तुझी कुणी पिणार नाही."

"माझ्या घराने तीस वर्षं पाजली, तेव्हा गोड लागली होय? मीही आणते. तुमच्याच अंगणात उभी राहून पिते, बघा."

अवसेच्या आदल्या संध्याकाळी पावसाने नुसता धिंगाणा मांडला होता. दुग्गक्का गोणपाटाची खोळ घेऊन टेकाडावर गेली, पान तोडून दूध आलेलं पाहिलं आणि दोरा बांधून आली. रिक्षावाला लोकय्या मात्र म्हणाला, "लहानपणापासून बघतोय ते झाड, त्याला दोरा कशाला?" आणि पांघरूण ओढून झोपला.

अवसेला उजाडता उजाडता दोघेही साल घेऊन गुरिकाराच्या अंगणात हजर. लोकय्याच्या कमरेला पंचा, दुग्गक्काचा पदर खोचलेला. पाट्याशेजारी लसूण, मिरी, ओवा तयार. चुलीत पांढरा गोटा लाल झालेला. गुरिकाराने दुग्गक्काची टोपली पायाने बाजूला सारली आणि लेकाची साल पाट्यावर घेतली.

दुग्गक्काची नजर टोपलीवर नव्हतीच. ती लोकय्याच्या हातांकडे बघत होती.

"लोकय्या, हात दाखव."

"हाताचं काय, मामी?"

"दाखव म्हणते ना!"

लोकय्याने हात पुढे केले. कोरडे, स्वच्छ. दुग्गक्काने आपले तळवे त्यांच्या शेजारी धरले. बोटं एकमेकांना चिकटलेली, नखांत पांढरा चीक.

"पाले ठेचला की दूध गळतं. तुझं कुठे सांडलंस?"

"पावसाने धुतलं असेल."

"आणि मी काय उन्हातून आले? हा चीक पाण्याने जात नाही, खोबरेल चोळावं लागतं. लेका, काजरा घेऊन आलास तू! पाच घरं आडवी केली असतीस!"

गुरिकाराच्या हातातला वरवंटा तसाच राहिला. मग त्याने लेकाची साल उचलली, लांब नेऊन खड्ड्यात पुरली, पाटा-वरवंटा तीनदा घासून धुतला, आणि दुग्गक्काची टोपली स्वतः उचलून तिच्यापुढे आणून ठेवली.

तिने वाटलं, रस गाळला, तापला गोटा त्यात सोडला. रस चरचरला. पहिला पेला ती स्वतः प्याली, तोंड वाकडं न करता. दुसरा गुरिकारापुढे धरला.

"बाईच्या हातचा आहे. चालेल?"

गुरिकाराने डोळे मिटून तो घशात ओतला आणि अंगभर शहारला. "कडू जहर आहे गं!"

"धन्याच्या हातचाही कडूच होता. तेव्हा नाही बोललात!"

मग पाचही घरं रांगेत आली आणि मागून मेथीची गंजी, म्हणजे पेज, निघाली. लोकय्या पंचा सावरत कोपऱ्यात बसला होता. दुग्गक्काने त्याच्या हातात वाडगा ठेवला.

"पुढच्या वर्षी शिकायचं असेल तर माझ्या मागून ये," ती म्हणाली. "आणि कपडे घालून ये."